गिरणगावात तालीम कुठे होत असे?

लालबाग, परळ, काळाचौकी, चिंचपोकळी, डिलाईल रोड, नायगाव आणि वरळी या पट्ट्यातल्या गिरण्यांविषयी, संपाविषयी आणि नंतर उभ्या राहिलेल्या टॉवरांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला विचारायचा प्रश्न त्या मानाने लहान आहे. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसे राहत असताना हीच माणसे नाटके बसवत होती, कोकणातल्या लोकनाट्याचे म्हणजे नमनाचे खेळ करत होती, दोन बुवांच्या सामन्याच्या डबलबारी भजनाला उभी राहत होती आणि गणपतीचे चलचित्र देखावे रचत होती. मग या सगळ्याची तयारी ती नेमकी कुठे आणि दिवसाच्या कोणत्या वेळी करत असत? ज्यांनी हे पाहिले किंवा केले आहे, त्यांनी कृपया जागेसकट लिहावे. ‘तेव्हा माणुसकी होती’ एवढेच लिहायचे असेल, तर ते आपण सर्वांनी वाचलेले आहे. सुरुवात मी करतो.

माझे वडील साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकाम विभागात होते आणि कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत काम करत. नाटकातली निम्मी मंडळी पहिल्या पाळीला आणि निम्मी दुसऱ्या पाळीला असल्यामुळे सगळे एकत्र जमण्याची वेळ रात्री बारानंतरचीच असे, आणि जागा म्हणजे जवळच्या महापालिका शाळेतला तळमजल्यावरचा एक वर्ग. शाळेचा शिपाई आमच्याच चाळीत राहत असल्याने किल्लीचा प्रश्न सुटलेला होता. बाके भिंतीला सरकवून मध्ये जी जागा उरे, ती परळच्या दामोदर नाट्यगृहाच्या रंगमंचाएवढी आहे असे मानून खडूने रेघा मारल्या जात. मात्र वडिलांचे म्हणणे असे की खरी तालीम साचेखात्यातच होई. शेकडो साचे, म्हणजे माग, एकाच वेळी खडखडत असताना शेजारच्या माणसाशीही खुणेने बोलावे लागे, त्यामुळे साच्यासमोर उभे राहून कितीही मोठ्याने संवाद म्हटले तरी कोणाला ऐकू जाण्याची भीती नव्हती. जॉबर म्हणजे मुकादम लांबून पाही, तेव्हा त्याला फक्त हलणारे ओठ दिसत. कामगार नटांच्या चढ्या आवाजावर टीका करणाऱ्यांना हा आवाज कुठे कमावला होता, याची कल्पना नसावी.

दामोदरचा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगतो. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगची ही वास्तू १९२२ मध्ये उभी राहिली. २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी ती बंद झाली, तेव्हा तिने शंभरी पार केली होती.

*

मूळ रत्नागिरी, बालपण काळाचौकी

आमच्या गावकीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. गावकीची खोली म्हणजे गावातल्या सर्वांनी मिळून भाडे भरायचे आणि गावाहून येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला तिथे ट्रंक ठेवण्याची, एक खुंटी वापरण्याची आणि पाळीनुसार अंग टाकण्याची मुभा. एका खोलीत पंचवीस-तीस माणसे नोंदलेली असत, पण ती एका वेळी कधीच आत नसत, आणि त्यामुळेच ती व्यवस्था चाले. माझ्या वडिलांची वळकटी आणि रात्रपाळीच्या एका काकांची वळकटी एकाच जागी, आलटूनपालटून पसरली जाई.

शिमग्याच्या आधी महिनाभर नमनाची आणि गौरी-गणपतीच्या आधी जाखडी नृत्याची तालीम चाले. गण आणि गौळण यांचा सराव खोलीत बसून होई, कारण त्याला मृदंग, टाळ आणि गळा एवढेच पुरे. अडचण नाचाची होती. चाळीचे मजले लाकडी फळ्यांचे, त्यामुळे वर आठ जणांनी एकदम पाय आपटले की खालच्या बिऱ्हाडात ताटात धूळ पडत असे. दोन-तीन वेळा भांडणे झाल्यावर कारभाऱ्यांनी असा तोडगा काढला की नाच गच्चीवर करायचा आणि तोही पायातले चाळ फडक्यात गुंडाळून. चाळीला चाळ ऐकू जाऊ नयेत, असे आमचे एक आजोबा म्हणत आणि स्वतःच हसत. गोमूचे, म्हणजे नमनातल्या नाचणाऱ्या स्त्रीचे, सोंग घेणारा तरुण गिरणीत बदली कामगार होता, म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल तरच त्याला काम मिळे. ज्या दिवशी त्याला बदली मिळत नसे, त्या दिवशी त्याच्या घरी चिंता आणि आमच्या तालमीत आनंद, असा विचित्र हिशेब असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, तेव्हा मी नववीत होतो. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडल्यावर तालमीला वेळच वेळ मिळाला असता, असे आज वाटू शकेल. प्रत्यक्षात त्या वर्षी आमच्या खोलीतली बहुतेक माणसे गावी निघून गेली आणि मृदंग खुंटीवरून खाली आलाच नाही. पुढे संख्या इतकी घटली, की शेजारच्या दोन वाड्यांबरोबर मिळून नमन करावे लागले. आता आमचे मंडळ बहुरंगी नमनाचे प्रयोग तिकीट लावून करते, पण मंडळी विरार, नालासोपारा, दिवा आणि बदलापूर अशा चार दिशांना राहत असल्याने तालीम दादरला एका परिचितांच्या दुकानात, दुकान बंद झाल्यावर होते. शेवटची लोकल हाच आमचा भोंगा.

*

लालबाग, गृहिणी

वरील दोन्ही लेखनांत बायका कुठेच आलेल्या नाहीत, म्हणून लिहिते.

माझी आई खानावळ चालवत असे. चाळीतल्या नाटकाची तालीम आमच्या खोलीबाहेरच्या गॅलरीत होई, कारण आमच्या दाराशी दिवा होता आणि चहा मिळे. स्त्रीभूमिकेसाठी बाहेरून अभिनेत्री आणली जाई. तिला नाइट, म्हणजे प्रयोगाचे मानधन, ठरवून दिलेली असे आणि शेवटच्या तीन-चार तालमींनाच ती तिच्या आईबरोबर येई. तोपर्यंतच्या सगळ्या तालमींत तिचे संवाद कोणीतरी वाचणे भाग होते, आणि ते काम माझ्याकडे आले. मी आठवीत होते आणि बरे वाचत होते. मात्र वडीलधाऱ्यांसमोर पुरुषांच्या घोळक्यात उभे राहणे शोभणार नाही असे ठरल्यामुळे मी दाराच्या आत, पोळ्या लाटताना आईच्या मागे बसून ते वाचत असे. नायक बाहेर गॅलरीत उभा राहून एका उघड्या दाराशी प्रेमाचे बोलत असे आणि आतून माझा आवाज येई.

सलग चार वर्षे मी असे वाचले. चार नाटकांतल्या नायिका मला तोंडपाठ होत्या. एका वर्षी अभिनेत्री आजारी पडली, तेव्हा नाटक पुढे ढकलण्यात आले, पण मला विचारावे असे कोणाच्याही मनात आले नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्याही आले नाही. ते मनात आले लग्नानंतर, आणि मग पुष्कळ दिवस गेले नाही. त्या अभिनेत्रींविषयी मात्र माझ्या मनात आजही आदर आहे. प्रयोग संपल्यावर पहाटे त्या आमच्याकडे जेवून जात, आणि चाळीतल्या ज्या बायका त्यांच्याशी बोलत नसत, त्याच नाटक पाहायला पहिल्या रांगेत असत.

*

परळ, मूर्तिकामाच्या मांडवातला जुना कारागीर

आमच्या कामात तालीम नसते असे लोकांना वाटते. मी अठरा वर्षे आखणी केली, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटले. मोठ्या मंडळांच्या मूर्ती घडवणारे मांडव गिरणीच्या भिंतीला लागून ताडपत्र्या टाकून उभे राहत. तिथे साचा, काथ्या घातलेले प्लास्टर, घासकाम आणि रंग अशी प्रत्येक गोष्ट करणारी माणसे वेगळी असतात, आणि आखणीवाला सर्वांत शेवटी येतो. अठरा-वीस फुटी मूर्तीसमोर परांचीवर उभे राहिल्यावर डोळा हातभर अंतरावर असतो. तिथून तो सरळ पाहतो आहे असे काढले, तर खाली उभ्या असलेल्या माणसाला देव आपल्या डोक्यावरून पलीकडे पाहतो आहे असे वाटते. म्हणून बुबुळ खाली घ्यावे लागते, पण किती खाली, हे मूर्तीच्या उंचीवर आणि बैठकीवर ठरते. एक रेघ मारायची, शिडी उतरायची, वीस पावले मागे जाऊन पाहायचे आणि पुन्हा वर चढायचे, असे रात्रभर चाले.

याचा सराव मी घराच्या पोटमाळ्याच्या फळीवर करत असे. फळीवर खडूने डोळे काढायचे, खाली मोरीपाशी जाऊन वर पाहायचे, पुसायचे. बायकोला सुरुवातीला त्या डोळ्यांची भीती वाटे, नंतर ती स्वयंपाक करता करता ‘डावा जरा रागावलेला दिसतो’ असे सांगू लागली, आणि बहुतेक वेळा तिचे बरोबर असे. परळच्या विजय खातूंसारख्या मूर्तिकारांची नावे सर्वांना माहीत होती, आणि ते योग्यच आहे. आमच्यासारख्यांची नावे मांडवाबाहेर जात नसत. आगमनाच्या दिवशी गर्दीत मागे उभे राहून लोक कुठे पाहतात, एवढे मी पाही.

*

चिंचपोकळी, शिक्षक

माझी जागा भिंतीवर होती. नाक्यावर मंडळाचा काळा फळा असे आणि त्यावर आठवड्याला नवे चित्र आणि मजकूर लिहिण्याचे काम मी सातवीपासून केले. खडू साखरेच्या पाण्यात भिजवला की रंग दाट बसतो आणि हाताला कमी लागतो, हे मला आधीच्या फलकलेखकाने शिकवले. तो साइनबोर्ड रंगवणारा पेंटर होता. फळ्यावर सण आणि जयंत्या येत, दहावीचे निकाल येत, आणि चाळीतल्या कोणाच्या निधनाची बातमीही येई. ती लिहिताना रंगीत खडू वापरायचा नाही, हा नियम. माझ्या वडिलांच्या निधनाची बातमी मीच लिहिली. दुसऱ्या कोणाचे अक्षर तिथे लोकांना ओळखू आले नसते. पुढे फ्लेक्स आले आणि फळा भाजीच्या गाडीमागे झाकला गेला. तो अजून आहे.

*

भायखळा, नाव नको

येथे सर्व जण आठवणींत रमले आहेत, म्हणून एक अडचणीची गोष्ट नोंदवतो. माझे वडील कायम रात्रपाळीला असत. सकाळी आठला घरी येऊन ते झोपत, आणि उत्सवाच्या आधीचा पूर्ण महिना खाली पटांगणात दुपारपासून लेझीम आणि ढोल यांचा सराव चाले. आईने कानात कापूस घालून त्यांना निजवलेले मी पाहिले आहे. तक्रार करण्याची सोय नव्हती, कारण तक्रार करणारा ‘समाजात न मिसळणारा’ ठरे, आणि वर्गणीची पावती फाडायला आलेली मुले तेवढे लक्षात ठेवत. एका वर्षी वडिलांनी ठरावीक रकमेपेक्षा कमी वर्गणी दिली, तर नंतर पाण्याच्या रांगेत आमची बादली रोज मागे सरकू लागली. कला हवी होतीच, मी स्वतः पुढे त्याच ढोलपथकात होतो. पण ज्या दाटीचे येथे कौतुक चालले आहे, त्या दाटीत ‘नको’ म्हणण्याला जागा नव्हती, हेही जागेच्या हिशेबात धरावे.

*

वरळी

बीडीडी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या, चाळींविषयी कोणी लिहिलेले नाही. एका मजल्यावर वीस खोल्या, एका चाळीत ऐंशी, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. आमच्याकडे नाटकापेक्षा गाणे मोठे होते. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांची, म्हणजे गाण्यांतून प्रबोधन करणाऱ्या कार्यक्रमांची, परंपरा आमच्या आजोबांच्या पिढीने ऐकलेली होती, आणि दामोदरच्या वास्तूचे आम्हांला वेगळेच महत्त्व होते, कारण बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेसाठी बाबासाहेबांनी ९ मार्च १९२४ रोजी तिथेच सभा घेतली होती. तेव्हा ते परळच्या बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळीत राहत असत, म्हणजे तेही आमच्यासारखेच चाळकरी.

आमच्या वडिलांची गायन पार्टी होती. पेटी, ढोलकी, बँजो आणि चार जणांचा कोरस. जयंतीच्या आधी दोन महिने जिन्याखालच्या मोकळ्या जागेत तालीम असे. जिन्याखाली आवाज घुमतो आणि गाणाऱ्याला आपला गळा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो, म्हणून वडील शेवटचे आठ दिवस मुद्दाम जांबोरी मैदानात उघड्यावर तालीम घेत. ‘इथे जो पुरला तो खरा,’ असे ते म्हणत. वर एका गृहस्थांनी रात्रपाळीच्या झोपेचे लिहिले आहे. आमच्याकडे जिन्यालगतच्या खोलीतले काका रात्रपाळीला असत, त्यामुळे आमची तालीम ते कामावर निघाल्यावरच सुरू होई. हे सर्वत्र होत होते असा माझा दावा नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पुनर्विकासातल्या पहिल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यांत आमचे घर आहे. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत आलो, घरातच शौचालय आले, आईला या वयात रात्री गॅलरीच्या टोकापर्यंत जावे लागत नाही. हे सुख ज्याने भोगलेले नाही त्याने जुन्या चाळीसाठी हळहळू नये. पार्टी आता मी आणि माझा पुतण्या चालवतो. घरात ढोलकी वाजवली की भिंतीपलीकडून फोन येतो, सभागृह दहाला बंद होते आणि जिन्यात आग विझवण्याचे नळ असल्याने तिथे बसता येत नाही. म्हणून आम्ही वाहनतळात बसतो. तिथला घुमारा जिन्याखालच्यापेक्षाही फसवा आहे, पण गाड्या कमी असतील त्या रात्री चांगले जमते. आमचा ढोलकीवाला नायगावहून येतो आणि त्याला दारावरच्या नोंदवहीत कोणाकडे जायचे ते लिहावे लागते. पहिले काही दिवस तो आमच्या घराचा क्रमांक लिहीत असे. हल्ली तो ‘वाहनतळ, दुसरा मजला’ असे लिहितो, आणि रखवालदार काही न विचारता आत सोडतो.