जुना एचपी मल्टीमीटर नव्या लॅपटॉपला जोडायचाय, कमी खर्चात

थर्मिस्टर_९
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधे एचपीचे दोन बेंच मल्टीमीटर आहेत, एक ३४७८ए आणि एक ३४४०१ए, दोन्ही अजून ठणठणीत. एमएस्सीची मुलं थर्मिस्टर (तापमानाबरोबर रोध बदलणारा घटक) गार होताना रीडिंग वहीत उतरवतात, एक जण घड्याळाकडे बघतो, एक जण लिहितो, आणि लिहून होईपर्यंत आकडा बदललेला असतो. हे सगळं कॉम्प्युटरवर आपोआप आलं तर ग्राफही नीट येईल आणि मुलं प्रयोगाचा विचार तरी करतील. दोघांच्या मागे २४ पिनचा जाडजूड जीपीआयबी कनेक्टर (मोजमापाची उपकरणं कॉम्प्युटरला जोडायची जुनी पद्धत) आहे, ३४४०१ए ला शिवाय ९ पिनचा सीरियल पोर्ट आहे. यूएसबी-जीपीआयबी अडॅप्टरचं कोटेशन मागवलं तर आकडा बघून एचओडींनी फाईलच मिटली. लॅपटॉप विंडोज ११ चा, पायथन मला थोडंफार येतं. दोन-तीन हजारांत काही जमेल का?

सोल्डरिंगवाला
जमेल की. आधी ३४४०१ए घ्या, तो सोपा आहे, त्याला जीपीआयबीची गरजच नाही. यूएसबी-टू-सीरियल केबल घ्यायची, पण चिप कुठली ते विचारून घ्या, एफटीडीआय असेल तर उत्तम, पीएल२३०३ ची जुनी चिप असेल तर विंडोज ११ वर ड्रायव्हर चालत नाही आणि दुकानदार म्हणतो "चालतं की साहेब". मधे नल मोडेम केबल (पाठवायच्या आणि घ्यायच्या वायरी उलटसुलट जोडलेली) लागते, साधी सरळ केबल नाही, आणि तीच तीन वायरींची स्वस्तातली पण नको कारण हा मीटर डीटीआर-डीएसआर हँडशेक (मी तयार आहे असं एकमेकांना सांगणाऱ्या दोन वायरी) वापरतो, त्या दोन वायरी नसतील तर गप्प बसून राहतो. फॅक्टरी सेटिंग ९६०० बॉड, ७ बिट, ईव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट. बहुतेक जण सवयीने ८ बिट, नो पॅरिटी ठेवतात आणि मग स्क्रीनवर कचरा येतो. फ्रंट पॅनलच्या मेनूत इंटरफेस आरएस-२३२ करायला विसरू नका. आणि सगळ्यात आधी 'सिस्टिम रिमोट' कमांड पाठवा, नाहीतर मीटर एरर ५५० देतो.

जुनी_लॅब
३४७८ए ला सीरियल नाही, तिथे जीपीआयबीच करावं लागणार. पण घाबरायचं कारण नाही, आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि त्यात टाकायचं एआर४८८ नावाचं ओपन सोर्स फर्मवेअर, बास, यांचाच जीपीआयबी अडॅप्टर होतो. नॅनोचा क्लोन पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला काहीशे रुपयांत मिळतो. २४ पिनचा कनेक्टर मिळायला मात्र जरा हिंडावं लागतं, प्रिंटरचा ३६ पिनचा सेंट्रॉनिक्स गळ्यात मारतील, तो घेऊ नका.

एवढा स्वस्त आर्डुइनो कसा काय चालतो असं वाटेल, तर जीपीआयबी बसची (उपकरणांना जोडणाऱ्या सामाईक वायरींची) रचनाच तशी आहे. एचपीने आपल्या उपकरणांसाठी ही बस काढली आणि १९७५ मधे ती आयईईई-४८८ म्हणून स्टँडर्ड झाली. आठ वायरी डेटाच्या आणि तीन वायरी नुसत्या हँडशेकच्या, एक सांगते डेटा तयार आहे, दुसरी सांगते मी घ्यायला तयार नाही, तिसरी सांगते अजून घेतलेला नाही. प्रत्येक बाइटला हे सगळं होतं, त्यामुळे बसवर जो सगळ्यात हळू असेल त्याच्या चालीने सगळे चालतात. आर्डुइनो हळू असला तरी एकही अक्षर निसटत नाही.

३४७८ए वेगळ्या जमान्यातला आहे, स्किपी (एससीपीआय, उपकरणांना कमांड द्यायची सामाईक) भाषा १९९० ला आली, त्याला ती कळत नाही. त्याला छोट्या कमांड लागतात, एफ३ म्हणजे टू-वायर ओहम, आरए म्हणजे ऑटोरेंज, एन५ म्हणजे साडेपाच डिजिट, टी१ म्हणजे इंटर्नल ट्रिगर. डी२ लिहून पुढे काही टाईप केलं की ते मीटरच्या डिस्प्लेवर दिसतं, पोरांना हे फार आवडतं, आणि जोडणी बरोबर झाली का ते पण लगेच कळतं. मीटरचा बसवरचा ॲड्रेस (नंबर) मागच्या डिप स्विचवर असतो. तिथेच ५०/६० हर्ट्झचा स्विच पण आहे, मीटर अमेरिकेतून आलेला असेल तर तो बघाच, नाहीतर शेवटचा डिजिट नाचत राहतो. पायथनमधे पोर्ट उघडला की नॅनो रीसेट होतो, दोन सेकंद थांबून मग पहिली कमांड द्या.

ओहमकर
एका मीटरला ठीक आहे, पण उद्या याच बसवर पाच-सहा उपकरणं लावणार असाल तर थेट आर्डुइनोवर भार टाकू नका, त्याच्या पिना तेवढा करंट झेपवणार नाहीत. एसएन७५१६० आणि एसएन७५१६१ हे बफर आयसी (जास्त करंट सांभाळणाऱ्या चिप) मधे टाका, एआर४८८ मधे त्याची सोय आहे. मी तर म्हणेन चांगल्या स्थितीतला सेकंडहँड अडॅप्टर शोधा, पण तपासून घ्या, नकली माल भरपूर फिरतोय.

जुनी_लॅब
@ओहमकर बफरचं एकदम बरोबर, पण यांच्याकडे बसवर एकच मीटर येणार आहे, केबल पण मीटरभराचीच, त्याला नॅनो पुरेसा आहे.

थर्मिस्टर_९
खूप आभार सगळ्यांचे. ३४४०१ए चालू झाला, सीएसव्ही फाईल तयार होतेय, मुलं खूष. नॅनो आणलाय, कनेक्टर येतोय. ३४७८ए ला जोडल्यावर आधी काय करू?

जुनी_लॅब
आधी त्याचं कॅलिब्रेशन (रीडिंग अचूक येण्यासाठी जुळवलेले आकडे) वाचून ठेवा, प्रयोग नंतर. ३४७८ए मधे कॅलिब्रेशनचे आकडे साध्या रॅममधे असतात आणि ती रॅम आतल्या लिथियम बॅटरीवर जगते. मीटर ऐंशीच्या दशकातला, बॅटरी मूळचीच असेल तर कधीही मान टाकेल आणि मग मीटर चालू होईल पण कॅलिब्रेशन गेलेलं असेल. डब्ल्यू कमांडने २५६ जागा एकेक करून वाचता येतात, नुसतं वाचल्याने काही बिघडत नाही, फक्त पुढचा कॅल स्विच बंदच राहू द्या. फाईल दोन ठिकाणी सेव्ह करा, एक लॅबच्या कॉम्प्युटरवर आणि एक तुमच्या मेलवर. मगच बॅटरी बदलायला घ्या, ती सोल्डर केलेली असते, जुनी काढायच्या आधी बाहेरून ३ व्होल्ट समांतर जोडून ठेवा.