गहू निसवायला आला आणि विहीर आटत चालली. एक एकर वाचवू की अडीच? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. आमचं वावर उमरेड तालुक्यात. मी नागपुरात नोकरीला, शनिवार-रविवार गावी. बाकीचे दिवस सगळं बाबाच पाहतात. सोयाबीन निघाल्यावर १८ नोव्हेंबरला अडीच एकरात लोकवन जातीचा गहू पेरला, घरचंच बियाणं. आज ५८वा दिवस, गहू पोटरीत आहे (ओंबी अजून पानाच्या आवरणात), कुठे कुठे कूस दिसायला लागली.

अडचण पहिल्याच पाण्यापासून आहे. विहिरीजवळचा एकर २१व्या दिवशी ओलला, आणि दुसऱ्या दिवशी डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळली. ती बदलून मिळेपर्यंत उरलेल्या दीड एकराला ३३वा दिवस उजाडला. काल दोन्हीकडची रोपं उपटून पाहिली. जवळच्या एकरातल्या रोपाला पाच-सहा फुटवे आणि जमिनीलगतच्या कांडीपासून निघालेल्या पांढऱ्या मुळांचा झुबका. पलीकडच्याला दोन फुटवे, आणि त्या जागी मोहरीएवढे कोंब, तिथेच वाळून गेलेले. मुकुटमुळं फुटायच्या वेळी वरची माती कोरडी असली तर काय होतं ते वाचलं होतं, हातात धरून पहिल्यांदा पाहिलं. ४५ दिवसांच्या आसपास सगळ्यांना दुसरं पाणी दिलं, पण ती मुळं काही नंतर आली नाहीत.

आता विहिरीचा हिशोब. व्यास २० फूट, म्हणजे एक फूट पाणी सुमारे आठ हजार नऊशे लिटर. डिसेंबरात रोज सहा फूट झरत होतं, आता चार. म्हणजे दिवसाला साडेपस्तीस हजार लिटर. स्प्रिंकलरने एकरभर चार सेंटिमीटर पाणी द्यायचं तर एक लाख साठ हजार लिटर लागतात, म्हणजे एका एकराला साडेचार-पाच दिवस. अडीच एकराला अकरा-बारा दिवस. शेवटच्या तुकड्याला पाणी पोचेपर्यंत तो फुलोऱ्यातून निघून गेलेला असेल, आणि जवळच्या एकराला चिकात (दाण्यात दूध भरताना) पाणी द्यायला विहिरीत काही राहणार नाही.

मला वाटतं जवळचा एकरच धरावा. बाबा म्हणतात, पेरलं तर ओलायलाच पाहिजे. त्यांचं मन मोडवत नाही. वर्षभराचा घरचा गहू याच वावरातला असतो.

तुम्ही काय कराल? १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट, पाण्यात विरघळणारं खत) फवारलं तर पाण्याची ओढ खरंच कमी होते का? आणि दुकानदार युरियाची अजून एक मात्रा टाका म्हणतो, टाकू का?

प्रतिसाद, काटोलहून
भाऊ, युरिया अजिबात टाकू नका. ओल नसलेल्या मातीवर तो मुळांपर्यंत पोचतच नाही, पैसे जातात ते वेगळेच. १३:००:४५ घ्या, दहा लिटरला २०० ग्रॅम, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. पानं सुकलेली असताना दुपारी फवारू नका. त्याने झाडाला थोडा आधार मिळतो, पाण्याची जागा ते घेत नाही. पाणी आधी जवळच्या एकराला. पोटरी ते फुलोरा या काळात ताण बसला की परागच निकामी होतात आणि ओंबीत दाणे भरत नाहीत, वरून ओंबी मात्र चांगली दिसते.

प्रतिसाद, पारशिवनीहून
दादा, दीड एकर म्हणजे एकच तुकडा समजू नका. जमीन सगळीकडे सारखी आहे का? फावड्याने फूटभर खणून बघा. खालच्या मातीचा मुठीत गोळा होत असेल तर तिथलं पीक आठवडाभर थांबेल. गोळा होत नसेल तर तिथे थोडं थोडं पाणी देणं म्हणजे विहीर रिकामी करणं. आम्ही कालव्यावरचे, तरी दोन वर्षांपूर्वी पाळी चुकली तेव्हा असंच केलं होतं.
पुढच्या वर्षी दोनच पाण्यांची खात्री असेल तर लोकवनऐवजी नेत्रावती बघा. ते कमी पाण्यासाठीच काढलेलं वाण आहे. दोन पाण्यांत भागवायचं तर एक २०-२२व्या दिवशी आणि दुसरं ६०-६५व्या दिवशी द्या.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी बाबांना घेऊन सहा ठिकाणी खणलं. दीड एकरातल्या नाल्याकडच्या एकरात फूटभर खाली माती काळीभोर, गोळा झाला, बोटांचे ठसे उमटले. बरडीच्या अर्ध्या एकरात मुरूम लागला, मुठीतून भुगा गळला. बाबांनी तो दोनदा हातात घेतला, काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "इथं नको देऊ."

तर ठरलं असं: आजपासून पाच दिवस जवळचा एकर, पुढचे पाच दिवस नाल्याकडचा. मग विहीर भरू द्यायची आणि ७५व्या दिवसानंतर जवळच्या एकराला चिकात अजून एक पाणी. बरडीला फक्त फवारणी. नाल्याकडच्या एकरात ओळींच्या मधल्या भेगांत सोयाबीनचं कुटार भरतोय, वरची ओल तेवढी टिकेल.

रात्री साडेअकराला थ्री फेज आली, पाइप जोडून झाले. पहिल्या नोझलचं पाणी पडलं तेव्हा बाबा धुऱ्यावरच उभे होते.

एक अजून विचारायचं आहे. फेब्रुवारीत ऊन लवकर वाढलं तर ते चिकातलं पाणी ७५ला द्यावं की ८०पर्यंत थांबावं? २०२३च्या फेब्रुवारीत देशाचं सरासरी कमाल तापमान १९०१पासून तोवरचं सगळ्यात जास्त होतं, तेव्हा आमचा दाणा बारीक राहिला होता. आणि ओंबी जड झाल्यावर वाऱ्यात स्प्रिंकलर लावला तर गहू लोळतो म्हणतात. रात्री वारा पडल्यावर लावला तर चालेल का? ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी सांगा.