पेटीवरची छपाई बिघडली की शिव्या ऑपरेटरलाच का? माझ्या मते दोष कागदाचा

पेटीवाला_तासगाव
बेदाण्याच्या १५ किलोच्या पेट्यांची अख्खी गाडी गेल्या आठवड्यात परत आली. व्यापाऱ्याची तक्रार अशी की वेलीचं पान हिरवं सांगितलं होतं, ते शेवाळी आलंय. खालचा पत्ता वाचता येत नाही, 'क्ष' आणि 'श्र' म्हणजे नुसते काळे ठिपके. घरात, कारखान्यात सगळ्यांनी ऑपरेटरला धरलं.

आता बघा. जानेवारीत हेच काम, हाच प्रिंटर-स्लॉटर (पुठ्ठा छापून खाचा पाडणारं मशीन), हाच स्टिरिओ (छपाईचा उठावाचा ठसा), शाईही त्याच कंपनीची. माल चकाचक गेला होता. मधे बदललं काय? फक्त कागदाचा रीळ. मिलनं बिलावर तेच लिहिलंय, ताकद १८ बीएफ, वजन १५० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). पण हात फिरवला तर खरखरीत. फाडून बघितला तर आत निळे-लाल धागे. शंभर-दोनशे शीट गेले की स्टिरिओवर लव साचते आणि पानात पांढरे टिपके पडतात. रद्दीपासून केलेला कागद आहे, प्रत्येक लॉटला वेगळी रद्दी. पाण्याच्या शाईला कागदानं पाणी ओढून घ्यावं लागतं, निम्मं वाळवण्याचं काम कागदच करतो. तो कागदच असा लहरी असेल तर ऑपरेटरनं काय डोकं आपटायचं?

शाई_आणि_बादली
दादा, राग मानू नका, मी शाईवाला आहे. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक तक्रारीत कागदच वाईट असतो.

शाईचा पीएच शेवटचा कधी मोजला? ८.५ ते ९.५ च्या मधे पाहिजे. बादली दिवसभर उघडी राहते, त्यातलं अमाइन (पीएच टिकवणारं रसायन) उडून जातं, पीएच उतरतो, शाई घट्ट होते. मग पोरगं मग्गाभर पाणी ओततं. बी-४ कपातून (शाईचा घट्टपणा मोजायचा भोकाचा कप) २२-२५ सेकंदात उतरणारी शाई १५ मधे उतरायला लागते. रंग फिका पडला की तोच पोरगा दाब वाढवतो. स्टिरिओ शेवटी रबरासारखाच मऊ. जास्त दाबला की अक्षर फुगतं, कडेला दुहेरी रेघ येते. 'क्ष' भरला तो दाबानं, कागदाला त्यात ओढू नका.

आणि हिरव्याचं म्हणाल, तर नमुना पांढऱ्या कागदावर काढून दाखवला होता ना? फ्लेक्सोची, म्हणजे या मऊ ठशाच्या छपाईची, शाई बऱ्यापैकी पारदर्शक असते. तपकिरी क्राफ्ट कागदावर हिरवा टाकला की शेवाळीच दिसणार. जानेवारीतला रीळ उजळ असेल, एवढंच.

पेटीवाला_तासगाव
म्हणजे शेवटी कागदच ना?

शाई_आणि_बादली
रंगापुरता मान्य. अक्षरापुरता नाही.

मशीनवर_उभा
मी ऑपरेटर. या पेटीचा नव्हे, पण शिव्या त्याच.

दोघंही एक गोष्ट सोडताय. एकाच स्टिरिओवर वरती तळहाताएवढं भरीव पान आणि खाली मुंगीएवढा पत्ता. पान भरायला शाई जास्त आणि दाब पाहिजे, पत्त्याला नुसता स्पर्श पाहिजे. त्यात बोर्ड सी फ्लूटचा, म्हणजे आत लाटांचा कागद असलेला. वरचा कागद पातळ असला की आतल्या लाटा पानावर उठून दिसतात, लाटेच्या माथ्यावर गडद, खाली फिकं. मालक म्हणतात, सॉलिड भर. भरलं की म्हणतात, अक्षर मेलं. पान आणि पत्ता मशीनच्या वेगवेगळ्या स्टेशनवर (छपाई युनिटवर) घेतले, पानाला जास्त शाई धरणारा आणि पत्त्याला बारीक जाळीचा अ‍ॅनिलॉक्स (स्टिरिओला शाई पुरवणारा बारीक खड्ड्यांचा रोलर) दिला, तर निम्मं भांडण मिटतं. पण दुसऱ्या स्टिरिओचे पैसे वाचवायचे असतात.

शाईवाले दादा, कागदाच्या धुळीचं तुम्ही सोयीनं गाळलंत. ती लव शाईत उतरते आणि अ‍ॅनिलॉक्सच्या खड्ड्यांत जाऊन बसते. खड्डा बुजला की शाई कमी उचलतो, मग मी दाब वाढवतो. म्हणजे तुमच्या दाबाच्या गोष्टीची सुरुवात कुठून झाली?

शाई_आणि_बादली
हे बरोबर पकडलंत. पण अ‍ॅनिलॉक्स रोज पाळी सुटताना धुतला तर लव टिकेल कशाला? वाळलेली शाई आणि धूळ एकदा घट्ट बसली की मग कितीही घासा.

फिल्मलाइन_वापी
मी पॉलिथिनच्या पिशव्या छापतो. आमच्याकडे रोलला 'लहरी' म्हणून चालत नाही. कच्च्या पॉलिथिनची पृष्ठ-ऊर्जा ३१ डाइनच्या आसपास असते, शाई धरायला किमान ३८ लागते, म्हणून कोरोना ट्रीटमेंट, म्हणजे पृष्ठभागावर विजेचा मारा. तीही गोदामात पडून उतरते. रोल आला की आधी ही ऊर्जा तपासायचं डाइन पेन फिरवतो, मग पावतीवर सही करतो. छापल्यावर सेलोटेप लावून ओढतो, शाई टेपवर आली तर मशीन बंद.

तुम्ही कागद विकत घेताना मागता काय? बीएफ आणि जीएसएम. बीएफ म्हणजे फुटण्याची ताकद. तिचा छपाईशी काय संबंध? कॉब मागा, म्हणजे एका चौरस मीटरला ६० सेकंदांत कागद किती ग्रॅम पाणी पितो ते. न मागितलेल्या गुणासाठी मिलला दोष कसा देणार?

पेटीवाला_तासगाव
हे मात्र लागलं. परचेस ऑर्डर काढून बघितली, कॉबचा उल्लेख नाही.

काल दुपारी दोन्ही रिळांचे तुकडे टेबलावर ठेवून ड्रॉपरनं एकेक थेंब टाकला. जुन्यावरचा थेंब चहा संपेपर्यंत मण्यासारखा उभा. नव्यावरचा बघताबघता डाग झाला. मग जुन्या कागदाचे उरलेले वीस शीट घेऊन आत्ताच्याच सेटिंगवर मशीनमधे सोडले. पान बऱ्यापैकी हिरवं आलं. पण 'क्ष' तसाच भरलेला. ऑपरेटरला म्हटलं, दाब सोड. सोडल्यावर अक्षर उघडलं आणि पानाची डावी बाजू गायब. भिंग लावलं तर अ‍ॅनिलॉक्सचा डावा वीतभर भाग बुजलेला. धुतला कधी, हे कुणीच सांगेना.

शाई_आणि_बादली
मी हसत नाहीये.

बेदाणेवाला
पेट्या घेणारा मीच, म्हणजे असलाच एक. पान हिरवं की शेवाळी याची चर्चा तुम्ही करा. माझं दुखणं वेगळं आहे. पेटी कोल्ड स्टोरेजमधून बाहेर काढली की तिला घाम सुटतो, हमालानं खांद्यावर घेतली की त्याचा सदरा हिरवा. हा कागद की दाब?

शाई_आणि_बादली
ही माझी बाजू, कबूल. शाईत रेझिन आणि मेण योग्य नसेल तर ओल्या घर्षणात रंग सुटतो. आणि पातळ करायला पाण्याबरोबर अमाइनही ढोसलं, तर शाई वाळल्यावरही पाण्याला लवकर दाद देते. ऑर्डर देताना 'माल कोल्डला जाणार' एवढं सांगा, वेगळी शाई येते. थोडी महाग.

मशीनवर_उभा
हे आम्हाला कुणी सांगतच नाही. आम्हाला फक्त संख्या सांगतात.

पेटीवाला_तासगाव
व्यापाऱ्याशी बोललो. पांढऱ्या टॉप लायनरचा (पेटीच्या वरच्या कागदाचा) भाव सांगितल्यावर म्हणाला, "पानच काढून टाका, नाव मोठं करा, एका काळ्या रंगात." आता नवा स्टिरिओ कुणाच्या खर्चानं, यावर सकाळपासून फोन चालू आहेत.