बास्क ‘सिलार’ आणि इंग्रजी ‘सिल्व्हर’ एकच का?

प्रश्न (वेंगुर्ला): आमच्या घरात सोनारकाम आहे म्हणून धातूंच्या नावांचं मला वेड, तर बास्कमध्ये (स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरची भाषा) चांदीला ‘सिलार’ म्हणतात आणि इंग्रजीच्या जुन्या नातेवाईक गॉथिकमध्ये ‘सिलुब्र’, जुन्या इंग्रजीत ‘सेओल्फोर’, स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्समध्ये ‘सिल्फ्र’. बास्क तर कुठल्याच भाषाकुटुंबात बसत नाही, मग हे जुळतं कसं?

रत्नागिरीहून: उसना शब्द आहे दादा, पण कोणी कोणाकडून घेतला यावर अजून एकमत नाही. स्पेनमध्ये बोतोरिताला १९७० साली एक कांस्यपट मिळाला, ख्रिस्तपूर्व काळातला, त्यात केल्टिबेरियन (स्पेनमधली जुनी केल्टिक) भाषेत ‘सिलाबुर’ आहे! म्हणजे तिकडेही शब्द चांगलाच जुना, मला तर हा पुरावा जबरदस्त वाटतो.

मालवणहून: आपला ‘रजत’ मात्र लॅटिन ‘अर्जेंतुम’चा सख्खा भाऊ, मुळात अर्थ पांढरं, चकाकणारं. जर्मनिकवाल्यांकडे (इंग्रजी, गॉथिक, नॉर्स वगैरे) दुसराच शब्द, रशियनमध्ये ‘सेरेब्रो’, लिथुआनियनमध्ये ‘सिदाब्रास’, सिल्व्हर, सेरेब्रो, सिदाब्रास यांतले ल-र-द हे आवाज भाषांमधल्या नेहमीच्या नियमाने बदलतच नाहीत, म्हणून तो बाहेरून आलेला मानतात.

प्रश्न (वेंगुर्ला): भारीच! मग आजी चांदीला ‘रुपं’ म्हणते ते?

मालवणहून: ते संस्कृत ‘रूप्य’वरून, रुपया पण तिथलाच.