महिन्याचा किराणा एकदम भरण्याचा सल्ला हातावर पोट असणाऱ्यांना का लागू पडत नाही?

प्रश्न :
आमच्या वस्तीत बचतगटांच्या बैठकांत घरखर्चावर व्याख्याने होतात. महिन्याचा किराणा एकदम भरावा, डाळी ठोक बाजारातून आणाव्यात, कडधान्ये घरी शिजवावीत आणि वडापाव टाळावा, असे त्यांत सांगितले जाते. धुणीभांडी किंवा बिगारी काम करणाऱ्या बायका यातले काही अमलात आणत नाहीत, आणि त्याचे खापर त्यांच्या अडाणीपणावर फोडले जाते. मला ते पटत नाही. जाणकारांनी खरे कारण सांगावे.

प्रतिसाद १ :
ताई, माझे वस्तीतच किराणा दुकान आहे. नाक्यावर काम मिळालेला माणूस संध्याकाळी पावशेर तूरडाळ, थोडे सुटे तेल आणि चहापत्तीची पुडी नेतो. असे घेतलेले महाग पडते, हे त्याला व्याख्यात्यांपेक्षा अधिक ठाऊक असते. मात्र रोजच्या मजुरीतूनच खोलीचे भाडे, आजारपण आणि मागची देणी भागवायची असताना महिन्याची रक्कम एकदम आणायची कुठून? शिवाय ठोक बाजारात उधारी मिळत नाही. पावसाळ्यात बांधकामे थंडावली की माझी उधारीची वहीच त्याला तारते, आणि ती उघडी राहावी म्हणून कामाच्या दिवसांतही तो माझ्याकडेच चार पैसे जास्त मोजतो. (यात माझाही फायदा आहे, हे नाकारत नाही.)

प्रतिसाद २ :
अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबांना माणशी ५ किलो आणि अंत्योदय (सर्वांत गरीब) कुटुंबाला ३५ किलो धान्य महिन्याला मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ज्यांच्याकडे असे रेशनकार्ड आहे, त्यांची खरी ओढाताण तेल, डाळ, भाजी आणि इंधनासाठी होते. १४.२ किलोचे सिलिंडर भरायलाही एकरकमी पैसे लागतात. मग तासभर शिजणारा हरभरा स्वस्त कसा म्हणायचा? ओल आलेल्या खोलीत साठवलेल्या धान्याला टोके (किडे) पडतात, ते नुकसान तर कोणी हिशेबात धरतच नाही.

प्रतिसाद ३ :
बीडकडच्या ऊसतोड मजुरांचे उदाहरण घ्या. मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, लग्नात, दवाखान्यात किंवा जुन्या कर्जात आधीच संपलेली असते आणि हंगामातली मजुरी तिच्यातच वळती होते. फडावर (ऊसतोडीच्या शेतात) हाती येते ती मुकादमाने दिलेली खर्ची, जी पुढे हिशेबात कापली जाते, आणि उसाचे वाढे (चाऱ्याचे हिरवे शेंडे) विकून मिळणारे थोडे रोख पैसे. त्या पैशांतून बाई मीठमिरची आणते. जिला महिन्याचे उत्पन्न असे काही नसतेच, तिने महिन्याचे अंदाजपत्रक कशाच्या आधारावर मांडायचे?

प्रश्नकर्ती :
सर्वांचे आभार. दुकानदार दादा, आमच्या गटात अंतर्गत कर्ज शिलाई मशीन किंवा शेळीसाठी लगेच मंजूर होते, परंतु किराण्याचे नाव काढले की नाकारले जाते. पुढच्या बैठकीत हा नियम बदलण्याचा विषय मांडणार आहे. तुमच्या वहीतली उधारी साधारण किती दिवसांत फिटते, तेवढे सांगाल का? परतफेडीची मुदत त्यावरून ठरवता येईल.