तारखेत ९९ वर्षांची चूक, तरी बदल ३ वर्षांत झाला म्हणे. कसं मोजलं?

दांडियाबाजारकर
नमस्कार मंडळी. उभी नोकरी ऑडिटमध्ये गेली, आकडा दिसला की ताळा करावासा वाटतो. भाची इथेच बडोद्याला सयाजीराव विद्यापीठात भूशास्त्र शिकते. दिवाळीत सांगत होती की यंगर ड्रायस नावाचा थंडीचा काळ संपून आपला आताचा उबदार काळ, होलोसीन, सुरू झाला, ती रेघ ग्रीनलँडच्या एनग्रिप हिमगाभ्यात (खोल छिद्र पाडून काढलेल्या बर्फाच्या लांब दांड्यात) १४९२.४५ मीटर खोलीवर ठरवली आहे. काळ म्हणजे इ.स. २००० च्या मागे ११,७०० वर्षं, चूक ९९ वर्षांची. इथवर ठीक. पुढे म्हणाली, तिथलं तापमान काही दशकांत १० अंशांच्या आसपास चढलं आणि बर्फ कुठल्या समुद्राच्या वाफेचा, याची खूण तर १ ते ३ वर्षांतच पालटली.

अहो, तारीखच शंभर वर्षं इकडेतिकडे, मग ३ वर्षं कुठून काढली? असल्या ताळेबंदावर मी सही केली नसती. भाचीला छेडलं तर "मामा, तुम्ही ना!" म्हणून चकल्यांकडे वळली.

महीकाठ
काका, सही करा. ९९ हा वरपासून तिथपर्यंतच्या सगळ्या मोजणीचा साठलेला घोळ आहे. हिवाळ्यात समुद्री मीठ जास्त, वसंतात धूळ जास्त, असे वर्षाचे थर ओळखतात. एखादा थर खरंच एका वर्षाचा की नाही अशी शंका आली, तर तो अर्धं वर्ष धरतात, अधिक-उणे अर्धं. आरंभीची शिल्लक चुकली तरी एका दिवसाची व्हाउचरं नीट मोजता येतातच ना? बदलाच्या जागचे थर तेवढेच मोजायचे. वरची चूक तिथे लागू होत नाही.

दांडियाबाजारकर
हे पटलं. पण १० अंश कशावरून?

महीकाठ
बर्फातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, अंदाज येतो, पण त्यात इतरही गोष्टी मिसळतात. म्हणून दुसरा साक्षीदार नायट्रोजन. पृष्ठभाग अचानक तापला की खालच्या सच्छिद्र बर्फातल्या हवेत जड नायट्रोजन थंड बाजूला, म्हणजे खाली, सरकतो आणि पुढे बुडबुड्यांत कायमचा अडकतो. सेव्हरिंगहाउस हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे मोजलं. मला ही युक्ती सगळ्यांत आवडते. बदल सावकाश झाला असता तर ही खूण इतकी ठळक उमटलीच नसती.

माळवी माणूस (इंदूर)
सगळं ग्रीनलँडचंच. आपल्याकडच्या मही नदीच्या घळी मीही पाहिल्यात. वर वाऱ्यानं आणलेली माती, मध्ये लाल थर, खाली वाळू-खडी. तिथे कुठे दिसतात हवामानाचे असे झटके?

महीकाठ
नाहीच दिसणार. नदी आणते तसं खरवडूनही नेते, माती बनताना थर मिसळतात. म्हणून झटके आलेच नाहीत असं ठरत नाही. पाकिस्तानजवळच्या अरबी समुद्रात एका खोलीवर प्राणवायू इतका कमी की गाळ उकरणारे किडे जगत नाहीत, थर शाबूत राहतात. ग्रीनलँड उबदार तेव्हा तिथे गडद, सेंद्रिय गाळ, म्हणजे जोरदार मॉन्सून. थंड तेव्हा फिकट गाळ. हिमयुगातले असे पंचवीसेक चढउतार ग्रीनलँडला मोजलेत, डान्सगार्ड आणि ओश्गर या शास्त्रज्ञांच्या नावानं ओळखतात.

माळवी माणूस (इंदूर)
मग प्रत्येक झटका म्हणजे टिपिंग पॉइंट का?

महीकाठ
नाही, आणि बातम्यांत इथेच गोंधळ होतो. ८,२०० वर्षांपूर्वी कॅनडातल्या ॲगासिझ सरोवराचं गोडं पाणी उत्तर अटलांटिकमध्ये शिरलं, तिथलं खारं पाणी बुडण्याची क्रिया मंदावली, थंडी पडली. पण साधारण १६० वर्षांत गाडी मूळपदावर. धक्का मोठा होता, पण व्यवस्था दुसऱ्या स्थितीत जाऊन तिथेच राहिली नाही. धक्का ओसरल्यावरही मागे येत नाही, तेव्हा टिपिंग म्हणायचं.

दांडियाबाजारकर
शेवटची हरकत. त्या अर्ध्या-अर्ध्या चुका नुसत्या बेरजेनं वाढवल्या, की वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं?

महीकाठ
सरळ बेरीज, काका. शंकेचे थर एकाच दिशेनं चुकू शकतात असं धरून. म्हणूनच आकडा ९९ पर्यंत जातो. वर्गमुळानं बराच लहान आला असता.

दांडियाबाजारकर
मग हरकत मागे. भाचीला आज फोन करतो.