पाठीबरोबर अंगठाही बघा

मायकेलअँजेलोने काढलेल्या लिबियन सिबिलच्या (प्राचीन कथांमधली एक भविष्यवेत्ती) रेखाटनात बाईची पाठ इतकी पैलवानी कशी, असं एकाने विचारलंय. कारण समोर बसला होता पुरुष! मायकेलअँजेलोने व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपलच्या छतावरच्या चित्रासाठी १५१०-११च्या सुमारास हे सरावाचं रेखाटन केलं ते एका तरुणाला बसवून. तेव्हाच्या कार्यशाळांत स्त्री-आकृतीसाठीही पुरुष मॉडेल सर्रास वापरत. भित्तिचित्रात तिच्या अंगावर कपडे आले, दंड-खांदे मात्र उघडेच राहिले.

पाठीची तारीफ सगळेच करतात. रास्तच आहे, लाल खडूच्या बारीक रेघांतून एकेक स्नायू उठून येतो आणि डाव्या खांद्यावर पांढऱ्या खडूचा जेमतेम स्पर्श आहे. पण कागदाच्या खालच्या भागात डावं पाऊल आहे, ते मोठं करून बघा. अंगठा आणि बोटं त्याने पुन्हा पुन्हा काढलीत. छतावर ही बाई अंग पिळवटून भलंमोठं पुस्तक पेलते आणि सगळा भार पायाच्या बोटांवर येतो. अंगठा जमिनीत रुतल्यासारखा दिसला नाही, तर ती आकृती कोलमडणार. चेहराही बाजूला परत काढलाय, तिथे तो जरा बायकी होत गेलाय असं मला वाटतं.

एवढं सगळं जेमतेम ए-फोर आकाराच्या कागदावर, आणि मागच्या बाजूलाही पायांचं रेखाटन आहेच. एकेकाळी हा कागद स्पॅनिश चित्रकार आउरेलियानो दे बेरुएते यांच्याकडे होता. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन (मेट) कलासंग्रहालयाने तो १९२४ साली घेतला. त्यांच्या संकेतस्थळावर उत्तम प्रत आहे.